पापणगळ

३ मार्च, सोमवार

गळायला लागल्या! सकाळपासून तिघी आल्या, तिघींचं एकच रडगाणं— "अगं, माझ्या पापण्या पडतायत!" जसं काही मीच रात्री यांच्या घरी जाऊन उपटते.

थंडी सरली की दरवर्षी हेच. कुत्र्यांचे केस झडतात, झाडांची पानं झडतात आणि बायकांच्या पापण्या. मी पाठ केलेलं बोलते— बाई, तुमची स्वतःची पापणी पिकून गळते. मी चिकटवलेली लांब पापणी तिच्या पाठीवर बसलेली असते. घोडा पडला की स्वारही पडणारच. खालून नवीन येतेच आहे. धीर धरा, रिकाम्या जागा भरून घ्यायला, रिफिलला, आठवडाभर लवकर या, आणि या दिवसांत जाड-लांब मागू नका, नव्या पापण्यांना भार सोसत नाही. सगळं मान डोलावून ऐकतात. उठताना म्हणतात, "पण या वेळी जरा जाड-लांब लाव हं." पालथ्या घड्यावर पाणी!

आणि आजच मालकीणबाईंनी जाहीर करायचं होतं! पार्लर त्यांचं, खोल्या त्यांच्या, मुहूर्तही त्यांचाच. मसाजवाली काम सोडून चालली, तिची खिडकीची खोली महिनाअखेर रिकामी होतेय. हवी दोघींना— मला आणि नखवालीला. "मार्च संपू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "जिच्या तक्रारी कमी, तिची खिडकी."

मी बसते ती जागा जिन्याखाली. एका बाजूला केस वाळवायचं यंत्र घोंघावतं, डोक्यावरून माणसं धडधड वर जातात. दिवसभर दिवा, भिंग आणि मोडलेली मान. त्या खिडकीतून येणारा उजेड मी किती वर्षं नुसता दारातून बघतेय! आणि तक्रारी मोजायला महिना कोणता निवडला, तर गळतीचा. नखं काय, ती कशाला गळतात? नखवाली गालातल्या गालात हसत होती.

४ मार्च, मंगळवार

सकाळी नवरोबा म्हणाला, "थांब, गालावर पापणी आहे तुझ्या." ती पालथ्या मुठीवर ठेवली, डोळे मिटले, खिडकीची खोली मागितली आणि फुंकर मारली. उडाली! चांगली लांब उडाली.

सासूबाई पेपरातून मान वर न काढता— "फुंकरीनं कामं झाली असती तर आम्ही शाळेत परीक्षा कशाला घेतल्या असत्या?"

तीस वर्षं भाषा शिकवली त्यांनी. रिटायर झाल्या, सासरे गेले, चार वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या. आता तपासायला वह्या नाहीत म्हणून पेपरातल्या चुका लाल पेननं काढतात. माझं काम त्यांना पसंत नाही असं नाही. कळत नाही, एवढंच. "जे देवानं दिलंय त्याच्यावर दुसरं चिकटवायचं?" मी म्हटलं, आई, तुमच्या कवळीचं काय? दोन दिवस बोलल्या नाहीत.

६ मार्च, गुरुवार

दातांची डॉक्टरीण आली होती. जुनं गिऱ्हाईक, पण डोक्यानं लहान मूल. झोपल्या झोपल्या विचारते, "मी पडलेल्या पापणीवर इच्छा मागते, पण ती चिकटवलेली निघाली तर चालते का गं?" मी म्हटलं, छे, स्वतःचीच लागते. नायलॉनवर काय मिळणार— नायलॉनची साडी? आणि एका केसाला एकच मागणं, हावरटपणा नको. रात्री जेवताना सांगितलं. नवरोबा ठसका लागेपर्यंत हसला. सासूबाई म्हणाल्या, "शिकलेली बाई आणि हा भाबडेपणा!" आणि आमटी वाढून घेतली.

पंधरा जणींना तेच तेच समजावून घसा बसलाय. आवाज कावळ्यासारखा.

८ मार्च, शनिवार

आज मला अक्कल सुचली! स्वतःचंच कौतुक वाटतंय.

सगळ्या गिऱ्हाइकांना एकच आवाजी संदेश पाठवायचा. मला घसा नाही, पण घरात तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज आहे! आईंना विचारलं. "मी? पापण्यांवर?" असं म्हणून आत गेल्या— आणि केस विंचरून, पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. टेबलाशी ताठ बसल्या. असं ताठ बसलेलं त्यांना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मी मुद्दे सांगितले. चोळू नका, वाफ नको, ब्रश फिरवा, तेल अजिबात नको, तेलानं ग्लू सुटतो. "कळलं," म्हणाल्या. "भाषा माझ्यावर सोड." मला उशीर झाला होता, मी पळाले.

दुपारी संदेश आला. केस वाळवायचं यंत्र सुरू, मी फोन कानात खुपसून ऐकला. "नमस्कार. सध्या ऋतुबदलामुळे पापणगळीचे दिवस आहेत. पानगळीनं झाड मरत नाही, पापणगळीनं डोळा उजाड होत नाही..." पापणगळ! काय शब्द काढला! मग यंत्र घोंघावलं, मधलं अर्धमुर्धं— चोळू नये, वाफ, ब्रश, "...डोळ्यांत तेल..."— हां, तेलाचा मुद्दा आला. "...धन्यवाद." सगळं आलं. पाठवून दिला सगळ्यांना.

९ मार्च, रविवार

डझनभर उत्तरं! "कुणाचा आवाज गं हा?" "ऐकून सरळ उठून उभीच राहिले!" सासूबाईंना वाचून दाखवलं. "शुद्धलेखन वाईट आहे यांचं," म्हणाल्या. पण संध्याकाळी दोनदा पुन्हा वाचायला लावलं.

१३ मार्च, गुरुवार

काहीतरी बिनसलंय.

मी सगळ्यांना पडलेल्या पापण्या कागदात बांधून आणायला सांगते. भिंगाखाली धरलं की सगळं कळतं. चिकटवलेल्या पापणीला खाली गिऱ्हाइकाची स्वतःची बारीक पापणी लटकलेली असली तर हंगाम. निवांत राहायचं. पण चिकटवलेली पापणी एकटीच, स्वच्छ, मोकळी आली तर ग्लूनंच हात सोडलाय.

आज चौघींनी पुड्या आणल्या. चारही पुड्यांत मोकळ्या! एकीलाही खाली केस नाही. स्वार पडलेत आणि घोडे उभेच!

ग्लू नवीन. बाटली बदलून पाहिली. खोली तीच, हात तोच. मग काय झालं? नखवालीनं जाता जाता विचारलं, "गळतायत का गं अजून?" आवाजात इतकी माया की दात आंबले.

१४ मार्च, शुक्रवार

टीव्हीवरची बातम्यावाली, माझंच गिऱ्हाईक! तिची पापणी थेट बातम्या वाचताना सुटली. अर्थसंकल्पावर बोलत होती. आधी डाव्या डोळ्याच्या कडेच्या पापण्या लोंबल्या, मग झुबकेच्या झुबके गालावर उतरले. ती बिचारी पापणी न लववता वाचत राहिली— लववायला उरली होती कुठे! सगळ्या गावानं पाहिलं. मालकीणबाईंनीही. "ही तक्रार मी एक धरू की हजार?" म्हणाल्या.

१५ मार्च, शनिवार

देवा!

दातांची डॉक्टरीण आली. डोळे बघते तर उजाड माळरान, आणि कडा तेलकट, चकचकीत. मी विचारलं, काय लावलंस? म्हणाली, "तूच सांगितलंस ना! रोज झोपताना दोन थेंब. झोंबतं गं खूप, पण म्हटलं तज्ज्ञ सांगतायत."

"कोण तज्ज्ञ?"

"तुझ्या त्या संदेशातल्या बाई. इतका भारदस्त आवाज, नाही म्हणायची हिंमतच झाली नाही."

तिच्या फोनवर संदेश लावला. या वेळी यंत्र बंद होतं. सासूबाईंचा खणखणीत आवाज— "...आणि या दिवसांत प्रत्येकीनं आपल्या पापण्या डोळ्यांत तेल घालून जपाव्यात."

मी तेल नको म्हणाले होते. त्या ते विसरल्या आणि काळजी म्हटल्यावर त्यांना सुचला तो वाक्प्रचार. आणि मी? मी "तेल" एवढा शब्द ऐकून मान डोलावली! आणि या बाया! सगळ्या शाळेत जाऊन आलेल्या, सगळ्यांनी हा वाक्प्रचार घोकलेला, आणि डोळ्यांत खरंच तेल ओतून बसल्या!

डॉक्टरणीला हसू की रडू कळेना. "तरीच म्हटलं," म्हणाली, "कुठलं तेल ते का नाही सांगितलं!"

१६ मार्च, रविवार

सांगायचंच म्हणून उठले. सासूबाई टेबलाशी पाण्याचा पेला घेऊन पुढच्या संदेशाची तालीम करत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या वेळी 'पापणबहर' असा शब्द घ्यावा म्हणते. आशा वाटली पाहिजे लोकांना."

कसं सांगू? नुसतं म्हटलं, आई, तेल लावू नका असं स्पष्ट टाका यात.

"का? कुणी लावलं का?"

"छे! लोकांचा काय भरवसा."

चष्म्यावरून बघितलं त्यांनी— कॉपी करणाऱ्या पोराकडे बघतात तसं. पण स्पष्ट टाकलं. आणि मी सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं की ग्लूची बाटली खराब निघाली, चूक माझी, सगळ्यांना पुन्हा फुकट लावून देते. डॉक्टरणीला शपथ घातलीय, तोंड उघडायचं नाही.

दुपारी नवरोबापाशी रडले. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला वाटतं सगळं पुन्हा वर येतं. "जाऊ दे गं, खोलीच ती." खोलीच ती! मी म्हटलं, ती खिडकी गेली तर मी म्हातारी होईपर्यंत जिन्याखाली, आणि डोळे आधीच जातायत माझे. भिंती पातळ आहेत, आवाज चढवायला नको होता.

१८ मार्च, मंगळवार

फुकट कामानं कंबर मोडली. त्यात माझा वाकडा, बारीक टोकाचा चिमटा गायब! परवा घरी धुवायला नेलेल्या सामानात होता बहुतेक, की नव्हता? नखवालीच्या टेबलावर तसलाच एक दिसला. मी विचारलं, हा कुठून आणलास? ती म्हणाली, "विकत मिळतात." वर मानभावीपणे— "हवाय का?" चोराच्या उलट्या बोंबा! आता आम्ही बोलत नाही. रात्री घरीही सगळं सांगितलं.

२१ मार्च, शुक्रवार

नुसतं काम. मान गेली.

२४ मार्च, सोमवार

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला पापण्या विरळ दिसतायत. चहा देताना लक्षात आलं. मी म्हटलं, तुमचीही पापणगळ सुरू झाली की! त्या म्हणाल्या, "झाड जुनं आहे, पानं गळणारच."

पण मला ते पटेना. हंगाम दोन्ही डोळ्यांवर सारखाच येतो, आणि इथे एक तिथे एक असा विखुरलेला. हे मीच रोज दहा जणींना सांगते. एकाच डोळ्याला, एकाच जागी खळगा पडला तर डॉक्टरला दाखवा, हेही मीच सांगते. डावा डोळा अगदी भरलेला आहे त्यांचा.

२६ मार्च, बुधवार

ओढत नेलं डोळ्यांच्या डॉक्टरकडे. वाटभर भांडण. त्यानं दिवा मारून नीट बघितलं. "डोळा छान आहे, कातडी छान आहे. आजी, डोळे चोळता का?"

"नाही."

"काही लावता?"

"नाही."

"ताण वगैरे?"

"माझा मुलगा लिफ्टला लटकून काम करतो."

डॉक्टर हसला, महिन्यानं या म्हणाला. सासूबाई खोटं कधीच बोलत नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात, तेवढंच. पण मला भीती वाटतेय. कामात लक्ष नाही. खोलीचं काय व्हायचं ते होवो, यांना काही होऊ नये. हे लिहिताना हात थांबला— चार वर्षांपूर्वी असं लिहिलं असतं का मी?

२८ मार्च, शुक्रवार

बातम्यावालीनं दुपारी घरी फोन केला. ग्लूची नवी बाटली आली का विचारायला. उचलला सासूबाईंनी! आणि बातम्या देणं हा तर तिचा धंदाच. संदेश ऐकून घातलेलं तेल, रोजचे थेंब, अर्थसंकल्प— सगळं सांगून टाकलं.

मी घरी आले तर त्या टेबलाशी, ताठ. एवढंच म्हणाल्या, "तू मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तुम्ही पापणबहराची तालीम करत होतात. मग म्हणाल्या, "फोन दे इकडे."

उभ्या राहून बोलल्या. एकदाच. मी शब्द न शब्द उतरवून ठेवते—

"नमस्कार. मागील संदेशात मी 'डोळ्यांत तेल घालून' असं म्हटलं होतं. हा वाक्प्रचार आहे. अर्थ— अत्यंत दक्षतेने. वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करायचा असतो, डोळ्यांत नव्हे. ज्यांनी तेल घातलं त्यांनी शाळेत काय केलं, ते मी विचारत नाही. परंतु चूक माझी आहे. तेल नको, असं मला सांगितलेलं होतं, ते मी गाळलं. ग्लूची बाटली खराब नव्हती, माझ्या सुनेनं माझ्यासाठी तसं सांगितलं. ती खोटं बोलली, याबद्दल मी तिला रागावणार आहे. धन्यवाद."

पाठवला. मग पेला उचलला, पण पाणी प्यायल्या नाहीत. मला रागावल्याही नाहीत.

२९ मार्च, शनिवार

फोन पेटलाय! सगळ्या हसतायत. ज्यांनी तेल घातलं त्या हसतायत, ज्यांनी घातलं नाही त्या जास्त. एकीनं कळवलं, "माझ्या नवऱ्याला पण हा संदेश दहा जणांकडून आला." बातम्यावाली म्हणते, या आजींना आमच्याकडे आणा. मालकीणबाई दिवसभर माझ्याकडे बघत होत्या. उजव्या डोळ्याचा खळगा वाढलाय.

३१ मार्च, सोमवार

मिळाली! खिडकी मिळाली!

मालकीणबाई म्हणाल्या, "सगळ्यांनी तक्रारी मागे घेतल्या. फोन करून करून घेतल्या. आता तुझी तक्रार एकच उरली." मी घाबरून विचारलं, कुठली? "तुझ्या सासूबाई मला फोनवर 'आपण परीक्षेचा निकाल वेळेवर लावावा' असं म्हणाल्या." मग त्याही हसल्या. नखवालीचं तोंड एवढंसं झालं. मला मजा वाटायला हवी होती, तेवढी वाटली नाही.

घरी सांगितलं. सासूबाई देवघरात असतात तशा हात जोडून क्षणभर बसल्या. मग म्हणाल्या, "हं. वेळेवर लावला म्हणायचा."

२ एप्रिल, बुधवार

नव्या खोलीत पहिलं गिऱ्हाईक आई. नको नको म्हणत आडव्या झाल्या. म्हटलं, तो खळगा तरी भरू दे.

खिडकीचा उजेड थेट डोळ्यावर. दिव्याखाली जे कधी दिसलं नसतं ते दिसलं— नव्या पापण्यांचे बारीक खुंट, ओळीनं, एकाला लागून एक. गळती अशी ओळीनं होत नाही.

या वेळी प्रश्न नीट विचारला. "आई, तुम्ही उपटल्यात?"

"हो."

"कशासाठी?"

डोळे मिटलेलेच. "एका केसाला एकच मागणं, असं तूच म्हणालीस. मी रोज एकच मागत होते."

मी हातातला ब्रश खाली ठेवला. म्हटलं, तुम्ही तर भाबडेपणा म्हणत होतात.

"आहेच भाबडेपणा. पण परीक्षा तुझी होती." मग— "चिकटव आता. आणि तुझा चिमटा माझ्या पर्समध्ये आहे. त्या नखवालीची माफी माग."